आवाज 'झाला' की आवाज 'आला'? ओसाड जंगलात पडलेल्या झाडाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. आरेच्या जंगलात रात्री तीनला धो धो पावसात एक मोठं झाड कोसळलं, आसपास माणूस नाही, मोबाईल नाही, काही म्हणजे काही नाही, तर आवाज झाला का? विचारणाऱ्यांच्या घरात यावरून म्हणे दोन पार्ट्या पडल्यात. मुलगा बारावी सायन्स, तो म्हणतो झालाच, फिजिक्स आहे. बाबा म्हणतात ऐकणाराच नाही तर आवाज कसला. आणि शेवटी दोघांनी मिळून कानाच्या माणसाला विचारायचं ठरवलं.

कानाचं माणूस म्हणजे मी, ऑडिओलॉजिस्ट, दादरला क्लिनिक. चोवीस वर्षं झाली, लोकांना एका डब्यासारख्या केबिनमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचा आणि म्हणायचं "आवाज आला की बटण दाबा". दिवसातून आठ-दहा वेळा तरी. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

(आरेत "कोणीच नाही" हे तसं अशक्यच, बेडूक आहेत, घुबडं आहेत, बिबट्या आहे, सगळ्यांना आपल्यापेक्षा बरे नाहीतर वेगळे कान आहेत. पण प्रश्नात म्हटलंय कोणी नाही तर कोणी नाही, सोडून देऊ.)

आता माझ्या त्या वाक्यात "आवाज आला की" असं आहे, "आवाज झाला की" असं नाही, बघा. आपण मराठीत बोलतो म्हणून हा वाद निम्मा आधीच मिटलाय असं मला वाटतं. आपल्याकडे आवाज होतो आणि आवाज येतो, ही दोन वेगळी कामं आहेत. वरच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. फोनवर तुमचा आवाज येत नाहीये. फोनवर कोणी "हॅलो, तुमचा आवाज होत नाहीये" असं म्हणतं का? होणं तिकडचं, येणं इकडचं. म्हणजे आरेतल्या झाडाचा आवाज झाला, कोणाला आला नाही. मुलगा होण्याबद्दल बोलतोय, बाबा येण्याबद्दल बोलतायत, आणि दोघं एकाच शब्दावरून भांडतायत. ध्वनिशास्त्रात जी अमेरिकन मानक व्याख्या वापरतात तीसुद्धा अशीच दोन कलमी आहे, एक कलम म्हणजे हवेतली किंवा दुसऱ्या कुठल्या माध्यमातली दाबाची कंपनं, आणि दुसरं म्हणजे त्या कंपनांनी उठलेली ऐकण्याची संवेदना. दोन्हीला नाव एकच.

इथे थांबता आलं असतं. पण केबिनमध्ये रोज जे बघते त्याने हे एवढं सरळ राहत नाही.

मध्यंतरी एक आजोबा आले होते सुनेबरोबर, लोअर परळच्या एका गिरणीत ८२च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. साचे म्हणजे लूम, माहीत नसेल तर सांगते, शेकडो लूम एका शेडमध्ये, समोरच्याशी बोलायचं तर ओठ बघून नाहीतर हातवारे करून. अशा माणसाचा ऑडिओग्राम (कुठला सूर किती मोठ्याने दिला की ऐकू येतो त्याचा आलेख) न काढता पण सांगता येतो, साधारण ४००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या बारीक सुराला, खड्डा असतो, आवाजाने कान जातात ते बहुतेक तिथूनच जायला सुरुवात होते. तर मी ४००० ला ६० डेसिबल दिला, आजोबा शांत. सूनबाई दारात उभी होती, मी दुसरा हेडफोन तिच्यासमोर नुसता धरला, कानाला लावलापण नाही, तर ती दचकली, "अगंबाई, एवढी शिट्टी वाजतेय आणि यांना येत नाही?" आवाज झाला, एकाला आला, एकाला नाही आला. इथपर्यंत ठीक.

गंमत पुढे. मी दोन टोनच्या मध्ये मुद्दाम थांबते, काहीच देत नाही, आणि आजोबांनी बटण दाबलं. परत थांबले, परत दाबलं. केबिनचं दार उघडून म्हटलं आजोबा, आत्ता मी काही दिलंच नव्हतं. तर म्हणाले, "तुमी दिला नसंल बाई, मला आला." मग विचारत गेले तेव्हा कळलं की त्यांच्या कानात चोवीस तास आवाज असतो. "गिरणी बंद झाली, साचे भंगारात गेले, पन हितं चालूच हायत," असं डोक्याला बोट लावून म्हणाले.

याला टिनिटस म्हणतात. बाहेर कुठेही कंपन नाही, मायक्रोफोन लावा, काही लावा, काही मिळणार नाही (रक्तवाहिन्यांमुळे येणारा एक प्रकार असतो तो कधीकधी स्टेथोस्कोपने दुसऱ्यालाही ऐकू येतो, पण तो क्वचित). साधारण समज असा आहे की कानातल्या पेशी गेल्यामुळे मेंदूकडे त्या पट्ट्यातला माल यायचा बंद होतो आणि मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवत बसतो, मग त्याला स्वतःचीच खरखर ऐकू येते. आम्ही मशीनवरचा टोन त्या आवाजाशी जुळवून बघतो, तर बहुतेकांचा तो त्यांच्या ऐकण्याच्या पातळीच्या जेमतेम ५-१० डेसिबल वर निघतो, आणि तेवढ्याने माणूस रात्रभर झोपत नाही. तर इथे आवाज झालाच नाही, पण आला. बाबांच्या व्याख्येने हा अस्सल आवाज आहे, मुलाच्या व्याख्येने नाहीच. आणि तुम्ही त्या आजोबांना सांगून बघा की तुमचा आवाज खोटा आहे म्हणून.

साधा फोन घ्या. जुन्या लँडलाईनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून यायचाच नाही. तरी काकांचा फोन आला की काकांचाच जाड आवाज यायचा ना? वरचे पटीतले सूर पोचायचे आणि त्यावरून खालचा सूर मेंदू भरून काढायचा. रिसीव्हरमधून न झालेला सूर आपण वर्षानुवर्षं ऐकला.

उलटं उदाहरण मला जास्त आवडतं. कान स्वतः आवाज करतो. खरंच. लंडनमध्ये डेव्हिड केंप नावाच्या माणसाने १९७८ साली दाखवून दिलं की कानात बारीक मायक्रोफोन ठेवून टिक् असा क्लिक दिला की काही मिलिसेकंदांनी कान आतून उत्तर देतो, आतल्या शंखात केसासारख्या टोकांच्या ज्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी असतात त्या हलतात आणि तो हलण्याचा आवाज पडद्यातून बाहेर येतो. बऱ्याच चांगल्या कानांमधून तर कोणी काही न देताही एक बारीक सूर निघत असतो आणि ज्याचा कान आहे त्याला सहसा त्याचा पत्ता नसतो. म्हणजे आवाज होतोय, तोही कानातच होतोय, आणि येत मात्र नाहीये! झाडासाठी आरेपर्यंत जायचीपण गरज नाही.

आता हा प्रश्न आला कुठून, कारण लोक सरसकट बर्कलेचं नाव घेतात. बर्कले हा आयरिश बिशप, त्याने १७१० मध्ये लिहिलं की असणं म्हणजे जाणवणं, आणि बागेतल्या झाडांचा दाखलापण दिला की तिथे बघणारं कोणी नाही अशी कल्पना करा, पण त्याची झाडं उभी आहेत, पडत नाहीत आणि आवाजही करत नाहीत. पडणाऱ्या झाडाचा प्रश्न १८८३ साली एका अमेरिकन मासिकात दिसतो, निर्मनुष्य बेटावर झाड पडलं तर ध्वनी होईल का, आणि तिथे उत्तर चक्क "नाही" असं दिलंय, कारण ध्वनी म्हणजे कानात उठणारी संवेदना. पुढच्या वर्षी सायंटिफिक अमेरिकननेही तसंच लिहिलं, की कंपनं होतील, पण कान नसतील तर ध्वनी नाही. म्हणजे सायन्सवाले म्हणजे मुलाच्या बाजूचे असं समजू नका, त्या काळचे बाबांच्या बाजूने होते.

आणि त्याच १८८३च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. ४८०० किलोमीटरवर हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर लोकांना तोफा डागल्यासारखा आवाज आला, फुटल्यानंतर सुमारे चार तासांनी. त्याच्या पुढे कोणाला काही ऐकू आलं नाही. पण दाबाची लाट थांबली नाही, जगभरच्या बॅरोमीटरच्या कागदावर ती पाच दिवस परत परत उमटत राहिली, पृथ्वीला तीन-साडेतीन फेऱ्या मारून. लाट एकच, तोच स्फोट. मग रॉड्रिग्जपर्यंत आवाज होता आणि पुढे नुसता हवेचा दाब झाला का? कुठल्या मैलावर बदलला? मला तरी अशी रेघ मारता येत नाही, म्हणून मी मनाने मुलाच्या बाजूला झुकते.

पण बर्कलेने या बाजूला एक चिमटा काढून ठेवलाय तोही सांगायलाच हवा. १७१३च्या त्याच्या संवादांमध्ये एकजण नेमकं आपलं होणं-येणं काढतो, की बाबा रे आवाज दोन, एक आपल्याला जाणवतो तो आणि एक खरा, जो म्हणजे हवेची हालचाल. त्यावर दुसरा म्हणतो वा, म्हणजे तुझा खरा आवाज दिसू शकेल, हाताला लागू शकेल, पण ऐकू कधीच येणार नाही! बर्कलेला हे हास्यास्पद वाटलं. मला वाटत नाही, कारण माझ्याकडे अशी मुलं येतात. जन्मापासून दोन्ही कान गेलेली एक मुलगी आहे, आता कॉलेजला आहे, गिरगावात राहते. विसर्जनाच्या दिवशी ढोलताशा पथक गल्लीच्या तोंडाशी असतानाच ती खिडकीच्या ग्रिलला हात लावून आईला खूण करते, आले म्हणून. आईला अजून आलेला नसतो, टीव्ही चालू असतो. आवाज हाताला लागतो हो, अगदी लागतो. तिला विचारलं तर ती ढोल वाजतोय असंच सांगेल.

तरी बाबांच्या बाजूला एक मोठा मुद्दा शिल्लक राहतो आणि तो डेसिबलमध्येच लपलाय. लोकांना वाटतं शून्य डेसिबल म्हणजे आवाज नाही. तसं नाहीये. शून्य डेसिबल म्हणजे २० मायक्रोपास्कल, आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाचा साधारण पाच अब्जावा भाग, आणि हाच आकडा का, तर तरुण चांगल्या कानाला १००० हर्ट्झच्या आसपास साधारण इथून ऐकू यायला लागतं म्हणून. आमच्या ऑडिओमीटरवरचं शून्य तर आणखी माणसाळलेलं. त्यावर १००० हर्ट्झचं शून्य लावलं की आमच्या त्या जुन्या काळ्या हेडफोनमधून प्रत्यक्षात ७ डेसिबल जातात आणि १२५ हर्ट्झचं शून्य लावलं की ४५, कारण खालच्या सुरांना आपला कान मंद आहे. म्हणजे पट्टी निसर्गाची नाही, पट्टी आपल्या कानाची. २० ते २०००० हर्ट्झ हे कुंपणही कानाचंच. संध्याकाळी सोसायटीच्या दिव्याभोवती ती छोटी वटवाघळं गिरक्या मारतात ना (फळं खाणारी मोठी नव्हे, ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात), ती तोंडाजवळ मोजलं तर शंभर डेसिबलच्या वर ओरडत असतात, डोक्यावर एवढा गोंधळ चालू असतो आणि खाली बाकड्यावरचे आजोबा म्हणतात काय शांत वाटतंय. आपण त्याला आवाज म्हणत नाही, अल्ट्रासाऊंड म्हणतो. झाला की नाही झाला? वटवाघळाला विचारा.

म्हणून मला आपल्या जुन्या नैयायिकांची, म्हणजे न्याय नावाच्या दर्शनाच्या पंडितांची, व्याख्या सगळ्यात नेमकी वाटते, आणि हे मी संस्कृतीचा झेंडा म्हणून सांगत नाहीये, आमचे एक संस्कृतचे सर पेशंट होते, कानाच्या मशीनसाठी आले की तासभर बसायचे, त्यांनी शिकवलं. न्यायशास्त्रात शब्द, म्हणजे कुठलाही आवाज, हा आकाशाचा असा गुण जो "श्रोत्रग्राह्य" आहे. ग्राह्य, गृहीत नव्हे, यावर सर बोट ठेवायचे. कानाने घेता येण्याजोगा. घेतलाच पाहिजे असं नाही. शब्द उत्पन्न होतो, पाण्यावरच्या लाटेसारखा किंवा कदंबाच्या फुलासारखा सगळ्या बाजूंनी पसरतो आणि विरतो, असं ते लोक म्हणायचे. मीमांसक, म्हणजे वेदांचा अर्थ लावणारे पंडित, त्यांच्याशी भांडायचे, त्यांच्या मते शब्द नित्यच असतो, ध्वनी त्याला फक्त उघडा करतो, पण त्यांचा सगळा रोख वेदातल्या वर्णांवर होता, झाडाच्या पडण्यावर नाही, त्यामुळे त्यांना इथे साक्षीला बोलावू नका.

आरेच्या झाडाचं सगळं त्या "ग्राह्य"मध्ये बसतं. कोणी असतं तर घेता आला असता, म्हणजे आवाज झाला. पण तो जो "कडाड्" आहे, आपण सांगताना म्हणतो तो, तो झाडात नाही आणि हवेतही नाही. हवेत फक्त दाब कमी-जास्त होतोय. कडाड् आपल्याकडचा.

हे कुठे फार छान दिसतं सांगू? पॅरिसमध्ये एदुआर-लिओं स्कॉट नावाचा माणूस होता, त्याने १८५७ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं, काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ ओढणारं. वाजवायची सोयच नव्हती आणि त्याला वाजवायचंही नव्हतं, त्याला रेघ बघून आवाज वाचायचा होता. १८६० मध्ये त्यावर एक फ्रेंच लोकगीत गायलं गेलं आणि कागद पडून राहिला. २००८ साली काही संशोधकांनी ती रेघ स्कॅन करून कॉम्प्युटरवर वाजवली, तर पोरीचा किंवा बाईचा आवाज आला. सगळ्यांनी कौतुक केलं. वर्षभराने लक्षात आलं की आपण दुप्पट वेगाने वाजवलं, नीट लावलं तर पुरुष निघाला, बहुतेक स्वतः स्कॉटच, सावकाश गाणारा. रेघ तीच, १४८ वर्षं तशीच. झालेला आवाज एक, आलेले दोन.

आणि येण्याच्या पुढे अजून एक आहे, कळणं. वयस्कर पेशंट पहिलं वाक्य हेच बोलतात, "आवाज येतो हो मॅडम, शब्द कळत नाहीत." वरचे सूर गेलेले असतात, त्यामुळे स, श, फ पुसले जातात, आणि घरचे म्हणतात यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं, म्हणून भांडणं. उलट माझी मावशी करी रोडला अगदी लाईनीला लागून राहते, गाडी गेली की कपाटातली भांडी वाजतात, आपण बोलताना थांबतो आणि ती बोलतच असते, तिला गाडी येतच नाही. रविवारी मेगाब्लॉक असला की मात्र दुपारी झोपेतून उठून विचारते, काय झालं गं?

झोपेवरून आठवलं. नवजात बाळांची बेरा टेस्ट, म्हणजे कानात दिलेला आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघायची तपासणी, आम्ही झोपेतच करतो. डोक्याला तीन-चार इलेक्ट्रोड, कानात छोटी नळी, आणि दोन-दोन हजार क्लिक. बाळ गाढ झोपलेलं, दूध पिऊन हात वर टाकलेले, आणि स्क्रीनवर मेंदूच्या देठातून लाटा उमटत असतात, पहिल्या दहा मिलिसेकंदांत, ओळीने. शेवटची मोठी लाट आली की आम्हाला हायसं वाटतं.

त्यावेळी जवळजवळ प्रत्येक आई एकच प्रश्न विचारते, "म्हणजे याला ऐकू येतं ना?" आणि मी काय सांगते तर, कान चांगलाय, नस चांगली आहे, आवाज वरपर्यंत पोचतोय. ऐकू येतंय का, ते तो तुमच्या हाकेला मान वळवेल तेव्हा तोच सांगेल, चार-सहा महिने थांबा. काही आयांना हे उत्तर अजिबात आवडत नाही. मग त्या तिथेच, टेबलावर, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन हळूच नाव घेऊन बघतात, इलेक्ट्रोड काढायच्या आधी.